संगणकाची शाकारणी

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी घर शाकारून घेण्याची रीत खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आलेली आहे. एखादे कौल फुटलेले असते, एखादे जागचे सरकलेले असते. उन्हाळ्यात त्यावाचून काही अडत नाही. छप्पर गळते हे पहिल्या सरीला कळते, आणि तेव्हा वर चढण्याची सोय राहिलेली नसते. शाळेतील संगणक व शिक्षकाच्या खिशातील स्मार्टफोन यांनाही अशीच वेळच्या वेळी शाकारणी लागते. तिला अपडेट असे म्हणतात. तिची सूचना पडद्यावर वरचेवर येते आणि बहुतेक जण 'नंतर' या शब्दावर बोट ठेवून ती दूर सारतात. असे केल्याने फार तर एखादी नवी सोय मिळावयाची राहील, दुसरे काही बिघडणार नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही.

प्रथम या यंत्रांत शाळेचे काय काय साठलेले असते ते पाहावे. यू-डायस प्लसवर भरावयाची विद्यार्थ्यांची माहिती, त्यांच्या आधारपत्रांची छायाचित्रे, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले पालकांचे बँक खाते क्रमांक, पोषण आहाराची नोंद, शालार्थमधील वेतनाचे कागद, असे पुष्कळ काही एकाच फोनमध्ये असते. शिवाय ज्या खात्यात वेतन जमा होते त्या खात्याचा ओटीपी येतो तोही त्याच फोनवर. पूर्वी हे सर्व दप्तर शाळेच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असे. आता कपाट खिशात आले आहे. त्याच्या कुलपाची निगा राखणे हे ओघाने शिक्षकाकडेच येते.

संगणक ज्या आज्ञांवर चालतो त्या माणसांनीच लिहिलेल्या असतात. विंडोज किंवा अँड्रॉइड यांसारख्या मूळ प्रणालीत अशा आज्ञांच्या कोट्यवधी ओळी असतात. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहावयाच्याच. पाठ्यपुस्तकात मुद्रणदोष राहिला तर मुलांना एखादा शब्द चुकीचा वाचावा लागतो, इतकेच. आज्ञांमधील काही चुका मात्र मागील दाराची कडी नीट न बसावी तशा असतात. दार लोटले की उघडते, परंतु ते लोटून कोणी पाहिलेले नसते. अशी चूक सापडली म्हणजे कंपनी ती दुरुस्त करून सर्व संगणकांकडे पाठविते. अपडेट हे या अर्थाने त्या पुस्तकाचे शुद्धिपत्रक होय. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून आपले शुद्धिपत्रक दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढीत आली आहे. भारतात ते मंगळवारी रात्री उशिरा पोहोचते. अँड्रॉइडसाठी गूगलनेही २०१५ च्या ऑगस्टपासून असा मासिक क्रम सुरू केला.

येथेच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण सर्व विषयाचे मर्म तिच्यात आहे. शुद्धिपत्रक सर्वांसाठी प्रसिद्ध होते, म्हणजे ते चोरांच्याही हाती पडते. जुनी प्रत आणि दुरुस्त प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिली की कोणत्या दाराची कडी सैल होती हे जाणत्या माणसास थोड्या दिवसांत उमगते. काल जी चूक दोनचार लोकांना ठाऊक होती ती आज जगजाहीर झालेली असते. ज्याने अपडेट घेतले त्याचे दार बंद झाले. ज्याने 'नंतर' म्हटले त्याचे दार उघडे राहिले, आणि ते उघडे आहे याची दवंडीही पिटली गेली. अर्थात अपडेट निघण्यापूर्वी जेवढा धोका असतो त्याहून अधिक धोका, ते निघाल्यानंतर न घेणाऱ्यास असतो. आळसाची किंमत येथे दिवसागणिक वाढत जाते.

२०१७ सालची घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर चुकीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. संगणक एकमेकांना फायली देतात-घेतात त्या व्यवस्थेत ही चूक होती. तिचा लाभ घेणारे एक हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने हेरगिरीसाठी तयार केले होते असे मानले जाते. एप्रिलमध्ये एका अज्ञात टोळीने ते उघड्यावर मांडले. पुढे १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्ती निघाल्यापासून ५९ दिवसांनी, त्याच हत्यारावर आधारलेली वॉनाक्राय नावाची उपद्रवी आज्ञावली जगभर पसरली. ती संगणकातील सर्व फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने धरले. कोणी चुकीच्या जागी बोट लावण्याचीही तिला गरज नव्हती. एका संगणकातून जाळ्यावरील दुसऱ्या संगणकात ती आपली आपण शिरत असे.

ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना तिचा मोठा तडाखा बसला. सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या असा तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. साध्या काळजीने हे टळू शकले असते, असेही त्या कार्यालयाने नमूद केले. भारतात केरळमधील काही ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतील संगणक बंद पडले. लहानशा गावातील कचेरीवर कोण कशाला डोळा ठेवील, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. असा उपद्रव गाव पाहून येत नाही. पावसाला जसे कोणाचे घर ठाऊक नसते तसेच हे आहे. जेथे फट असते तेथे तो शिरतो. पुढे मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश तज्ज्ञास असे आढळले की ही आज्ञावली पसरण्यापूर्वी इंटरनेटवरील एका विचित्र पत्त्याची चौकशी करते. तो पत्ता कोणाच्याच नावावर नव्हता. त्याने तो नोंदवून घेताच प्रसार मंदावला. सुदैवच म्हणावयाचे, त्यावर विसंबून राहता येत नाही.

हे सर्व वृत्तपत्रांत गाजले असूनही पुरेसा बोध झाला नाही. जेमतेम सहा आठवडे लोटले, आणि २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाची दुसरी, अधिक विध्वंसक आज्ञावली पसरली. तिने अन्य युक्त्यांबरोबर तीच जुनी फट वापरली. तिचा फटका महाराष्ट्रासही बसला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे संगणक बंद पडले, कोणता कंटेनर कोणाचा हे कळेनासे झाले आणि काम हाताने करावे लागले. मर्स्कला पुढील दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक व ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. या प्रकरणातील एक तपशील खेड्यातील शिक्षकांना विशेष वाटेल. कंपनीच्या सर्व कचेऱ्यांची मूळ नोंद जेथे ठेवलेली होती ते सर्व सर्व्हर एकदमच नष्ट झाले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. तेथे त्या वेळी वीज गेलेली होती! जाळ्यापासून तुटलेला असल्यामुळे तो सुरक्षित राहिला आणि त्याच्यावरून पुढचे सारे काम उभे राहिले. या योगायोगातून घ्यावयाचा धडा पुढे येईलच.

आता दुसरी बाजू. अपडेट घेतले आणि संगणक बिघडला, छपाईयंत्र चालेनासे झाले, फोन मंद झाला, अशा तक्रारी शिक्षक करतात. त्या निराधार नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, परंतु व्हावयाचे ते होऊन गेले होते. भारतातील विमानतळांवरही त्या दिवशी काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्रक देण्यात आले. नॉटपेट्याचा प्रसार तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रसिद्ध आज्ञावलीच्या अपडेटमधूनच झाला होता. म्हणजे शाकारणी करणाऱ्याच्या पायाखाली कौल फुटावे, असेही कधी घडते. पण म्हणून कोणी घर शाकारणे सोडीत नाही. असे अपघात वर्षा-दोन वर्षांत एखादे होतात. न दुरुस्त केलेल्या फटींतून शिरणारे उपद्रव रोजचे आहेत.

यातून व्यवहार्य असा मध्यममार्ग निघतो. विंडोजमध्ये अपडेट एक आठवडा पुढे ढकलण्याची सोय दिलेली आहे. दुसऱ्या मंगळवारी निघालेले अपडेट त्या आठवड्यातील किंवा फार तर पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घ्यावे. तेवढ्या दिवसांत एखादा मोठा दोष असेल तर तो बहुधा उघडकीस येतो. महिना मात्र जाऊ देऊ नये. निकालपत्रके वा माहिती भरण्याची अंतिम तारीख दुसऱ्या दिवशी असेल तर आदल्या सायंकाळी अपडेट सुरू करणे शहाणपणाचे नव्हे. आणि वीज केव्हाही जाणाऱ्या गावात ते इन्व्हर्टरविना सुरू करणे त्याहून नव्हे.

आणि अपडेटपूर्वी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढावी. येथे घानातील त्या सर्व्हरची आठवण ठेवावी. प्रत पेनड्राइव्हवर काढली आणि पेनड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवला, तर कुलूप लावणारी आज्ञावली दोहोंनाही कुलूप लावते. प्रत काढून होताच पेनड्राइव्ह काढावा व कपाटात ठेवावा. ज्यात विद्यार्थ्यांची माहिती आहे असा पेनड्राइव्ह खिशात घालून बाजारहाट करू नये, हे सांगावयास नको; तरीही सांगणे भाग आहे.

शाळांना प्रत्यक्ष भेडसावणारा प्रश्न विंडोज १० चा आहे. जुलै २०१५ मध्ये निघालेल्या या प्रणालीस कंपनीने मोफत दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. संगणक त्यानंतरही पूर्वीसारखाच चालतो आणि त्यामुळेच फसगत होते. छप्पर तसेच दिसते. गवंडी मात्र गाव सोडून गेलेला असतो. विंडोज ११ घालावे तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था व बरेच नवे प्रोसेसर लागतात. इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा. शाळांना देणगीत मिळालेले पुष्कळ संगणक त्याहून जुने आहेत. घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. शिक्षणसंस्थांसाठी अल्प शुल्काची वेगळी योजना आहे, परंतु ती एकट्या शिक्षकाने नव्हे तर कार्यालयामार्फत घ्यावयाची असते. तिसरा मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांवर बरी चालते, आणि केरळातील सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षे तिच्यावरच चालत आले आहेत. मुलांना लेखन, गणन व चित्रे शिकविण्यास ती पूर्णपणे पुरेशी आहे. फक्त एखादे छपाईयंत्र किंवा शासकीय संकेतस्थळ तिच्यावर अडते काय, हे आधी तपासून पाहावे.

विंडोजच्या अनधिकृत प्रतींविषयी येथेच बोललेले बरे. दुकानदाराने 'सर्व घालून दिले' असे सांगितले तरी प्रत अधिकृत आहे काय याची चौकशी करावी. कुलूप तोडून दिलेल्या आज्ञावलीत तोडणाऱ्याने आपली एखादी किल्ली ठेवली नसेल याची हमी कोण देणार?

फोनची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची दुरुस्ती दोन वाटांनी येते: मूळ प्रणालीची आणि एकेका ॲपची. प्रणालीचे वय पाहावयाचे असेल तर सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर फारसे बिघडत नाही. दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार ठेवू नयेत. कमी किमतीच्या फोनना कंपन्या थोडीच वर्षे दुरुस्त्या देतात. गूगलने २०२३ मध्ये व सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महाग फोनना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले, पण तो खर्च प्रत्येकास झेपण्यासारखा नाही. तेव्हा नवा फोन घेताना छायाचित्रे किती सुबक येतात हे विचारावे तसे दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हेही दुकानात विचारावे.

ॲपच्या बाबतीत खेड्यात एक अडचण हमखास आढळते आणि तिचे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्ले स्टोअर आपण होऊन ॲप अपडेट करते खरे, पण सामान्यतः ते वायफाय असेल तेव्हाच करते. ज्या गावात वायफायच नाही तेथील फोनमध्ये ॲप महिनोन् महिने जुनेच राहते, आणि धन्याला वाटते की सारे आपोआप चालले आहे. यावर दोन उपाय आहेत. सहकारी शिक्षकाच्या फोनवरून हॉटस्पॉट घ्यावा. आपला फोन त्यास वायफायच समजतो. नाही तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कविषयीच्या भागात जाऊन मोबाइल डेटावरही अपडेट होऊ द्यावे. शाळेच्या संगणकाचेही असेच आहे. हॉटस्पॉटला तो कित्येकदा मोजून मापून मिळणारी जोडणी समजतो व मोठी अपडेट उतरवीत नाही. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत त्यासाठी परवानगी देता येते. डेटा बराच खर्च होतो, म्हणून ज्या दिवशी उरलेला डेटा वाया जाणार असेल तो दिवस साधावा.

एवढे सांगितल्यावर एक इशारा देणे आवश्यक ठरते. अपडेट घ्यावे हे लोकांना पटू लागले तसे ठकांनाही ते उमगले. 'आपले बँकेचे ॲप जुने झाले आहे, सोबतच्या फाइलवरून नवे घ्या' असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. कधी वाहतूक दंडाची पावती म्हणून, कधी लग्नाची निमंत्रणपत्रिका म्हणून फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात. निमंत्रणपत्रिका हे चित्र असते, फार तर पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसविण्याचे ॲप. ते बसविले आणि संदेश वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी ठकाच्या हाती पडू लागतात. पुष्कळदा असा संदेश ओळखीच्याच क्रमांकावरून येतो, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधी फसलेला असतो. शिक्षकांच्या व पालकांच्या गटांत तो एकदा शिरला की भराभर पसरतो. खरे अपडेट कधीही संदेशातून येत नाही. प्रणालीचे असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावे, ॲपचे असेल तर प्ले स्टोअरमध्ये. अन्य कोठूनही ते घेऊ नये. 'अपडेट करून देतो' असे सांगणारा दूरध्वनी आला तर तो तेथेच ठेवावा.

तरीही फसवणूक झालीच आणि पैसे गेले, तर संकोचाने गप्प राहण्यासारखी दुसरी चूक नाही. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो आणि वेळीच कळविल्यास तो वाटेत गोठविण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती पुष्कळ कमी झालेली असते. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही नोंदविता येते. बँकेलाही कळवावे. ज्या फोनवर ते ॲप बसले त्याचे इंटरनेट बंद करावे आणि हे सर्व दुसऱ्या फोनवरून करावे.

शाळेच्या पातळीवर एक लहानशी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रत्येक संगणकापुढे त्याची किंमत व मिळाल्याची तारीख लिहिलेली असतेच. शेऱ्याच्या रकान्यात त्यातील प्रणालीचे नाव आणि तिला दुरुस्त्या मिळण्याची शेवटची तारीख लिहावी, म्हणजे बदली होऊन आलेल्या शिक्षकासही पहिल्याच दिवशी स्थिती कळेल. ती तारीख उलटलेल्या संगणकाचे लगेच निर्लेखन करण्याचे कारण नाही. त्यातील विद्यार्थ्यांची माहिती प्रत काढून पुसून टाकावी, त्याची इंटरनेटची जोडणी काढावी, आणि तो टंकलेखनाच्या व चित्रकलेच्या सरावासाठी मुलांच्या स्वाधीन करावा.